कोआटीचं पिल्लू: आणण्याआधी आणि आणल्यावर

दोन-अडीच महिन्यांचं कोआटीचं पिल्लू कुणालाही लळा लावतं. सतत वळवळणारं लांब नाक, पट्ट्यापट्ट्यांची उभी शेपटी आणि माणसाच्या अंगावर चढून मानेशी मुटकुळं करून झोपायची सवय. मोबाइलवर असे व्हिडिओ बघून ‘हे आपल्याकडे मिळेल का, सोलापूरच्या हवेत जगेल का’ असं विचारणारी माणसं भेटतात. माझं मत आधीच सांगतो: घेऊ नका. पण ज्यांच्या घरी ते येऊन पोचलंय, त्यांना नुसतं ‘आणायलाच नको होतं’ म्हणून काय उपयोग? पिल्लाला उद्या सकाळी भूक लागणारच आहे. म्हणून हा लेख दोघांसाठी आहे.

कोआटी हा रॅकूनच्या कुळातला प्राणी. दक्षिण अमेरिकेत तपकिरी, शेपटीवर ठळक पट्टे असलेली जात आढळते. पांढऱ्या नाकाची दुसरी जात अमेरिकेतल्या ॲरिझोनापासून मध्य अमेरिकेपर्यंत सापडते. पूर्ण वाढलेला प्राणी साधारण तीन ते सहा किलोचा, शेपटीसह तीन-साडेतीन फुटांचा. तो दिवसा हिंडतो. जंगलात त्याचा सगळा दिवस पालापाचोळा उकरण्यात, कुजक्या लाकडात नाक खुपसून किडे, अळ्या, कोळी काढण्यात आणि झाडावरची फळं खाण्यात जातो. नाक सगळ्या बाजूंना वळतं, पुढच्या पंजांना लांब नख्या असतात, आणि घोटे असे फिरतात की तो झाडावरून डोकं खाली करून सरसर उतरतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्या घरात हाच प्राणी तेच करणार आहे. कुंड्या उकरणार, पडद्यावर चढणार, फ्रिजचं दार उघडणार, गादी फाडून आत काय आहे ते बघणार. त्याला खोड्या म्हणून शिक्षा करण्यात अर्थ नाही.

खरा मुद्दा वयाचा आहे. माद्या आणि पिल्लं कळपानं राहतात. नर मात्र दोनेक वर्षांचे झाले की कळप सोडतात आणि विणीचा काळ सोडला तर एकटे फिरतात. माणसाच्या घरात वाढलेल्या नराच्याही अंगात हे येतंच. कालपर्यंत मांडीवर झोपणारा प्राणी एक दिवस कुटुंबातल्या एकाच माणसाला जवळ येऊ देतो, बाकीच्यांवर धावून जातो. त्याचे सुळे लांब आणि सुरीसारखे धारदार असतात. तो चावला की नुसता ओरखडा उठत नाही, मांस फाटतं. पाळलेला कोआटी चौदा-पंधरा वर्षं जगू शकतो. म्हणजे पिल्लूपणाचं एक-दीड वर्ष आणि त्यानंतरची बारा-तेरा वर्षं. निर्णय घ्यायचा तो या दुसऱ्या काळाकडे बघून. घरात लहान मूल असेल, वाढत्या वयाचे आईवडील असतील, दोघंही नोकरीला जाणारी असाल, तर माझ्या मते प्रश्न इथंच संपतो.

आता कायदा. ‘परदेशी प्राणी आहे, त्याला काही लागत नाही’ असं विकणारे अजूनही सांगतात. ते खरं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतल्या प्राण्यांसाठी तिनं कायद्यात वेगळं प्रकरण आणि चौथी अनुसूची आणली. त्यानंतर फेब्रुवारी 2024 मध्ये नोंदणीचे नियम आले. ज्यांच्याकडे असे प्राणी आधीच होते, त्यांना नोंदणीसाठी सहा महिन्यांची मुदत मिळाली. आता नव्यानं प्राणी ताब्यात आला तर 30 दिवसांत ‘परिवेश 2.0’ या सरकारी पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे. नंतरचं हस्तांतर, पिल्लं होणं, प्राण्याचा मृत्यू, हेही कळवावं लागतं.

सायटिसच्या तिसऱ्या परिशिष्टात पांढऱ्या नाकाचा कोआटी होंडुरासच्या मागणीवरून आणि दक्षिण अमेरिकी कोआटीची एक उपजात उरुग्वेच्या मागणीवरून नोंदलेली आहे. त्यामुळे ‘कोआटी आहे’ एवढं विकणाऱ्यानं सांगून भागत नाही; नेमकी जात कोणती ते लेखी हवं. त्याबरोबर आयातीचा परवाना, प्राणी विलगीकरण केंद्राचं प्रमाणपत्र, विकणाऱ्याच्या स्वतःच्या नोंदणीचा कागद आणि रीतसर पावती मागा. दुकानातून घेत असाल तर ते दुकान 2018 च्या पाळीव प्राणी दुकान नियमांखाली नोंदलेलं आहे का ते पाहा. कागद ‘नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. बँकॉकहून बॅगांत कोंबून आणलेले प्राणी मुंबई विमानतळावर वरचेवर पकडले जातात. असल्या प्रवासात काही प्राणी वाटेतच मरतात. जे वाचतात, त्यांतलंच एखादं कुणाच्या तरी दिवाणखान्यात पोचतं. घेणाऱ्यानं ही साखळी आपल्या दारात तोडली पाहिजे.

इथंच एक सांगून ठेवतो. कोआटी मिळत नाही म्हणून कुणी मुंगसाचं किंवा उदमांजराचं पिल्लू आणून देत असेल, तर तो सरळ गुन्हा आहे. मुंगूस, उदमांजर, आपला पोपट, चांदणी कासव हे भारतातले संरक्षित वन्य प्राणी. शेतात पोरकं पिल्लू सापडलं तर ते घरी न ठेवता वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

तर समजा, कागदपत्रं चोख आहेत आणि पिल्लू घरी आहे. पहिले काही आठवडे सगळा भर दुधावर आणि उबेवर. रानात पिल्लं पाच-सहा आठवडे झाडावरच्या घरट्यात असतात आणि साधारण चौथ्या महिन्यापर्यंत आईचं दूध पितात. त्यामुळे सहा आठवड्यांचं पिल्लू ‘आता सगळं खातं’ असं सांगून कुणी दिलं तर विश्वास ठेवू नका. गाईचं किंवा म्हशीचं दूध देऊ नका, जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे दोन दिवसांत प्राण जातो. कुत्र्याच्या किंवा मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर डॉक्टरांना विचारून वापरा. दूध पाजताना पिल्लू उताणं धरायचं नाही. टॉवेलवर पोटावर बसवा, डोकं किंचित वर, आणि बाटलीचं निपल हळूहळू चोखू द्या. घाई केली तर दूध फुप्फुसात जातं. नाकातून दूध आलं, श्वासात घरघर ऐकू आली, तर तिथंच थांबून डॉक्टरकडे. अगदी लहान पिल्लाला दूध पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं पोटाखाली हलकेच पुसावं लागतं, तेव्हाच ते शी-शू करतं. आई जिभेनं हेच करते. रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. दोन दिवस वजन वाढलं नाही, तर पिल्लू कितीही खेळत असलं तरी ती काळजीची गोष्ट आहे.

टॉवेल म्हटलं म्हणून एक सोलापुरी सूचना. आपल्याकडचे टर्किश टॉवेल प्रसिद्ध आहेत, पण त्यांच्या फासांत पिल्लाची नखं अडकतात आणि सोडवताना उपटतात. अंथरायला टॉवेलपेक्षा जुनी, धुऊन मऊ झालेली सोलापुरी चादर चांगली. तिचे सुटे दोरे मात्र कापून टाका. पुढे पिल्लू मोठं झालं की हीच चादर चारी कोपऱ्यांनी टांगून त्याचा झोपाळा होतो, आणि कोआटीला उंचावर झोपायला फार आवडतं.

उबेबाबत उन्हाळ्यात उलटीच काळजी. परदेशी पुस्तकांत पिल्लाजवळ दिवा लावा, गरम पाण्याची पिशवी ठेवा असं लिहिलेलं असतं. जानेवारीत, रात्री गारठा पडतो तेव्हा ते ठीक. मे महिन्यात सोलापूरची खोलीच तापलेली असते. तिथं दिवा लावलात तर पिल्लू भाजून निघेल. खोक्याच्या एकाच बाजूला ऊब ठेवा, दुसरी बाजू गार, म्हणजे पिल्लू आपल्याला हवं तिथं सरकेल. खोक्यात तापमापक ठेवा. अंदाजावर चालवू नका.

चावण्याची सवय पहिल्या चार-पाच महिन्यांतच वळवावी लागते. भावंडं एकमेकांना चावून खेळतात. भावंडं नसतील तर पिल्लू तुमच्या हातावर तेच करतं. दात छोटे असतात, मौज वाटते, घरातली मंडळी हात पुढे करतात. हे पहिल्या दिवसापासून बंद. खेळायला दोरी, जाड कापडाचा बोळा, लाकडाचा तुकडा द्या, हात कधीच नाही. चावलं तर ओरडू नका, मारू नका. खेळ थांबवून उठून जा आणि दोन मिनिटांनी परत या. मारलेला कोआटी ते विसरत नाही आणि पुढे मारणाऱ्यालाच पहिला चावतो. नावानं हाक मारली की येणं, वाहतुकीच्या पेटीत स्वतःहून शिरणं, काट्यावर बसणं, नख्या हातात घेऊ देणं, या चार गोष्टी फळाच्या तुकड्यावर रोज थोड्या थोड्या शिकवा. पेटीची सवय नसलेला पाच किलोचा कोआटी आजारी पडला, तर त्याला डॉक्टरपर्यंत नेणार कसं?

खाण्यात आपल्याकडे चूक होते ती लाडानं. कोआटीला गोड अतिशय आवडतं, म्हणून केळं, आंबा, बिस्किट, गुळाचा खडा सुरू होतो. मग प्राणी लठ्ठ होतो आणि दात किडतात. मोठ्या कोआटीच्या ताटात साधारण अर्धा भाग चांगल्या प्रतीचं कुत्र्याचं कोरडं खाद्य असावं, बाकी उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं शिजवलेलं चिकन, किडे, आणि काकडी, गाजर, दुधी, उकडलेलं रताळं. फळ शेवटी आणि थोडं. पपई, पेरू, सांगोल्याचं डाळिंब चालतं. डाळिंब तर मुद्दाम द्या, पण दाणे सोलून देऊ नका. अर्धं फळ सालासकट झोपाळ्याला टांगलं, की एकेक दाणा नखीनं काढण्यात अर्धा तास जातो, आणि त्याला खाण्याइतकीच ही मेहनत हवी असते. द्राक्षं आणि पंढरपूरकडचा बेदाणा टाळा. कुत्र्यांना त्यानं मूत्रपिंडाचा त्रास होतो, इथं जोखीम घ्यायचं कारण नाही. कांदा, लसूण, चॉकलेट, चहा वर्ज्य. शेंगाचटणी आणि कडक भाकरी आपण खावी. मीठ-तिखटाची चटणी प्राण्याच्या तोंडाला लागली की तो तुमच्या ताटावरच झडप घालायला शिकतो.

किड्यांसाठी घरी डब्यात वाढवलेले मीलवर्म सर्वांत सुरक्षित. उसाच्या शेतातली हुमणी बघून कुणाला वाटेल की हेच तर याचं रानातलं खाणं. पण आपल्या शेतांत हुमणीवर कीटकनाशक घातलेलं असतं, तेव्हा शेतातली एकही अळी देऊ नका. खाणं ताटलीत वाढण्यापेक्षा निम्मं लपवा. एका मोठ्या लाकडी खोक्यात कोरडा, बुरशी न धरलेला ज्वारीचा कडबा भरायचा आणि त्यात किडे, खाद्याचे दाणे पेरायचे. रिकामा बसलेला कोआटी स्वतःची शेपटी चावायला लागतो किंवा पिंजऱ्यात एकाच रेषेत येरझाऱ्या घालतो. तसं दिसलं की औषधाआधी त्याला काम वाढवून द्या.

जागेच्या बाबतीत तडजोड नाही. फ्लॅटच्या बाल्कनीत कोआटी राहू शकत नाही. एका प्राण्याला माझ्या हिशेबानं किमान दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच पिंजरा हवा, तोही अंगणात, आणि शक्यतो घराच्या पूर्वेला, म्हणजे दुपारनंतरचं ऊन भिंत अडवेल. वेल्डमेशची जाळी जाड तारेची आणि एक इंची चौकोनांची घ्या. कोंबड्यांची जाळी तो दातांनी उघडेल. खाली काँक्रीट आणि त्यावर फूटभर माती, नाहीतर भुयार खणून पसार होईल. दारं दोन, एकामागे एक. साधी कडी पंजांना उघडते, तेव्हा कुलूप लावा. आत कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या जाड फांद्या आडव्या-उभ्या बांधा, आणि उंचावर एक अंधारी लाकडी पेटी.

पत्रा मात्र नको. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 42-44 अंशांवर जातो. पत्र्याखाली त्याहून कितीतरी जास्त होतं. छपराला कडब्याच्या पेंढ्या किंवा जाड शेडनेटचे दोन थर, मध्ये हवेला जागा, दुपारी बाजूंना ओले गोणपाट. एक उथळ टब कायम भरलेला. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा याच्यासाठी वेगळी टाकी धरून चला; उन्हाळ्यात प्यायला, टबाला, गोणपाटाला आणि धुण्याला मिळून खूप पाणी लागतं. तोंड उघडं टाकून धापा, लाळ, अडखळत चालणं ही उष्माघाताची खूण. सावलीत आणा, साध्या पाण्यानं पाय आणि पोट भिजवा, पंखा लावा आणि लगेच डॉक्टरकडे निघा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका. थंडीत वेगळीच अडचण. गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम होतं, आणि वर्षभर मिरवणुकांचा आवाज असतो; तशा रात्री त्याला घरातल्या आतल्या खोलीत, सवयीच्या पेटीत ठेवा. भेदरलेला कोआटी जाळीवर धडका देऊन स्वतःला जखमी करून घेतो.

डॉक्टर आधी शोधा, प्राणी नंतर. गाई-म्हशी आणि कुत्री बघणारे डॉक्टर सोलापुरात भरपूर आहेत. रॅकूनकुळातला प्राणी बघितलेला डॉक्टर मिळणं कठीण. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा की ते पशुवैद्यक महाविद्यालयातल्या तज्ज्ञांशी बोलून उपचार करायला तयार आहेत का. उदगीर, शिरवळ आणि परळ इथं अशी महाविद्यालयं आहेत. लसीबाबत डॉक्टरांना एक गोष्ट आवर्जून सांगा. कोआटीसाठी म्हणून मान्यता मिळालेली लस नाही. रेबीजची मृत विषाणूची लस डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतात. पण कुत्र्यांची डिस्टेंपरची जिवंत विषाणूची नेहमीची लस या कुळातल्या प्राण्यांना घातक ठरू शकते, लसीतूनच रोग होण्याची भीती असते. आणि डिस्टेंपर तर आपल्या गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांत असतोच. म्हणून जाळीला बाहेरून दुसरी जाळी लावून कुत्र्यांना दोन-तीन फूट लांब ठेवा, आणि बाहेरच्या चपला पिंजऱ्यात नेऊ नका. विष्ठा रोज हातमोजे घालून उचला आणि जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं द्या. या कुळातले काही जंत माणसालाही त्रास देतात. नसबंदी पहिल्या वर्षात करून घ्या. त्यानं आक्रमकपणा कमी होऊ शकतो, जाईलच असं नाही. सुळे किंवा नख्या काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो डॉक्टर बदला.

माणसाला चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. प्राणी घरचा आहे, लस दिलेली आहे, असं म्हणून घरी बसू नका. आधी सांगितलं तसं, त्या लसीची हमी कुणी देत नाही. ब्राझील-अर्जेंटिनाच्या सीमेवर इग्वासूच्या धबधब्याशी कोआटींना पर्यटकांच्या खाण्याची चटक लागली आहे. तिथं चावलेल्या हाताचे फोटो छापून फलक लावावे लागले.

आणि एक काम कधीही करायचं नाही. सांभाळणं जमेना म्हणून गाडीत घालून माळावर सोडून देणं. ते कायद्यानं चूक, प्राण्याशी निर्दयपणाचं आणि या जिल्ह्यात तर विशेष घातक आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 साली झालं, आणि आज माळढोक नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. माळढोक जमिनीवर, उघड्यावर, बहुधा एकच अंडं घालतो. टिटवी, चंडोल यांची घरटीही जमिनीवरच. नाकानं जमीन हुंगत जाणाऱ्या आणि अंडी आवडणाऱ्या प्राण्याला या माळावर सोडणं काय आहे ते सांगायला नको. युरोपनं हा धडा घेतलाय: स्पेनच्या मायोर्का बेटावर सुटलेल्या कोआटींनी तिथं बस्तान बसवलं, आणि युरोपीय संघानं 2016 मध्ये कोआटीचं नाव परक्या आक्रमक प्राण्यांच्या यादीत घालून त्याच्या विक्रीवर आणि पाळण्यावर बंदी आणली.

म्हणून पर्याय आजच ठरवून ठेवा. तुम्ही आजारी पडलात, बदली झाली, प्राणी हाताबाहेर गेला, तर तो कोण सांभाळणार? ते नाव, त्या माणसाची लेखी संमती आणि हस्तांतराच्या नोंदणीची तयारी नोंदणीच्या कागदाबरोबर एकाच फाइलमध्ये असू द्या. त्या माणसाला महिन्यातून एकदा घरी बोलवा, पिंजऱ्यात बसवा, त्याच्या हातून डाळिंबाचा तुकडा देऊ द्या. असं कुणीच मिळत नसेल तर सोलापूरच्या उपवनसंरक्षक कार्यालयात जाऊन प्राणी मान्यताप्राप्त केंद्राकडे सोपवण्याची रीत विचारून घ्या, आणि ते प्राणी सहा महिन्यांचा असतानाच करा. लहान, माणसाळलेला, पेटीत शिरणारा कोआटी केंद्रात दुसऱ्या कोआटींबरोबर रुळण्याची शक्यता जास्त असते. तीन वर्षांचा, एकट्यानं वाढलेला नर कुणी सहजी घेत नाही.